चाळिशीच्या आतले पेन्शनर

शिरोळ तालुक्यात खिद्रापूरच्या वाटेवर टाकळी लागते. टाकळी नावाची गावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, पण ही सैनिक टाकळी. करवीर तालुक्यातल्या गिरगावलाही लोक सैनिक गिरगाव म्हणतात. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे आणि गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. प्रजासत्ताक दिन जवळ आला की वर्तमानपत्रांना या गावांची आठवण होते. घरटी एक जवान, तीन पिढ्या फौजेत, भिंतीवर पदकांची चौकट असा मजकूर ठरलेला असतो. भरतीची गोष्ट सांगायला सोपी. परतीची सहसा कोणी विचारत नाही, आणि कोल्हापूरच्या खेड्यापाड्यांत तीच जास्त लांबीची आहे.

हिशेब साधा आहे. मुलगा एकोणिसाव्या वर्षी भरती झाला आणि शिपाई म्हणूनच राहिला, तर १७ ते १९ वर्षांनी घरी येतो. तेव्हा त्याचे वय ३६ ते ३८. हवालदार झाला तर पंचेचाळिशीच्या आसपास, सुभेदार झाला तर पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. देशभरात दरवर्षी साधारण ६० हजार जण असे गणवेश उतरवतात आणि त्यातले बहुतेक ३५ ते ४५ या वयातले असतात. याच वयात गावातला मास्तर मुख्याध्यापकपदाची वाट बघत असतो आणि तलाठी सर्कल व्हायची. फौजेतला माणूस मात्र ‘माजी’ होऊन एसटीतून ट्रंक उतरवत असतो. थोरली मुलगी आठवीत, घराचा स्लॅब अर्धा, आई-वडील थकलेले, आणि पुढे तीस-पस्तीस वर्षे पडलेली.

हा पेच आजचा नाही. मराठी मुलखात त्याची सर्वांत बोलकी उदाहरणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहेत. गोपाळबाबा वलंगकर १८८६मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीला येऊन राहिले. पेन्शन घेऊन स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १८८८मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून अस्पृश्यतेवर थेट प्रश्न विचारले. पुढे सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज केला आणि १८९५मध्ये महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. निवृत्त फौजीने लेखणी, अर्ज आणि सभा यांच्या जोरावर नवे सार्वजनिक आयुष्य उभे करण्याचा हा पहिल्या काही दाखल्यांपैकी एक.

दुसरा दाखला सुभेदार रामजी सकपाळ यांचा. महूच्या लष्करी शाळेत त्यांनी मुख्याध्यापकी केली. पेन्शनीनंतर आधी दापोली, मग सातारा. सरकारी बांधकाम खात्यात भांडारपालाची नोकरी मिळाली आणि पुढे खटाव तालुक्यात गोरेगावला, दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपालाची. त्यांना भेटायला साताऱ्याहून निघालेल्या मुलांना मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळताच गाडी मिळेना आणि पाणीही मिळेना. त्या मुलांतल्या एकाने, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, तो प्रवास पुढे स्वतः लिहून ठेवला. छावणीत सुभेदाराला जो मान होता, तो छावणीच्या फाटकाबाहेर चालला नाही. हुद्दा बाहेरच्या जगात कितपत वटतो, हा आजही प्रत्येक माजी सैनिकापुढचा पहिला प्रश्न आहे. त्या काळी त्याचे उत्तर जातीने दिले होते. आज ते बहुतेक वेळा कागदपत्रे देतात.

कोल्हापूरला तर संस्थानचीच फौज होती. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाराम रायफल्स भारतीय सैन्यात गेली आणि तिच्यातून मराठा लाइट इन्फंट्रीची १९वी पलटण आली. नव्या पलटणीत ज्यांना जागा मिळाली ते गेले, बाकीचे शेतीकडे वळले. आज टेंबलाईवाडीत प्रादेशिक सेनेची १०९ मराठा ही बटालियन आहे आणि भरती कार्यालयही आहे. मराठ्यांचे मुख्य केंद्र बेळगावात, म्हणजे कोल्हापूरहून सकाळी निघाले तर जेवायला पोचावे इतके जवळ. फौज इथे परकी वाटत नाही, म्हणून तिच्यात जाणे सोपे. तिच्यातून बाहेर पडल्यावरची घडी मात्र ज्याची त्याने बसवायची.

वरच्या हुद्द्यावरच्यांचे बरे असते. मूळचे कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात १९६१मध्ये निवृत्त झाले. कोरियातल्या युद्धकैद्यांसाठी पाठवलेल्या भारतीय फौजेचे नेतृत्व त्यांनी केले होते आणि चीनच्या हल्ल्याचा अंदाज १९५९मध्येच वर कळवला होता. निवृत्तीनंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि आत्मचरित्रही लिहिले. ब्रिगेडियर सुधीर सावंत १९९१मध्ये राजापूरचे खासदार झाले. अधिकाऱ्यांना कंपन्यांची संचालक मंडळे, शिक्षणसंस्था, राजकारण अशी दारे उघडी मिळतात. पण एका अधिकाऱ्यामागे कितीतरी जवान असतात, आणि या लेखाचा विषय ते आहेत.

जवानासाठी सर्वांत रुळलेली वाट बँकेच्या दारात जाते. गांधीनगर, इचलकरंजी, हुपरी, गुजरी, कुठेही जा. जिथे रोकड किंवा सोने-चांदी आहे तिथे दारात स्टुलावर एक ताठ बसलेला माणूस, मांडीवर डबल बार, खिशाला पेन. परवाना त्याच्या नावावर, बंदूक बहुधा त्याच्या पैशाची. परवान्याचे नूतनीकरण वेळेवर करायचे आणि निवडणूक लागली की बंदूक जमा करण्याच्या नोटिशीची चौकशी करत पोलीस ठाण्यात जायचे, हेही त्याच्याच अंगावर. कागल, गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींत फाटकावरचा वहीवाला हाच असतो आणि साखर कारखान्याच्या काट्यावरही हाच. राज्य सरकारने माजी सैनिकांसाठी २००२मध्ये ‘मेस्को’ हे महामंडळ काढले. त्याची ओळखही मुख्यतः सरकारी आस्थापनांना सुरक्षारक्षक पुरवणारी संस्था अशीच झाली. केंद्राच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या यादीतल्या सुरक्षा एजन्सीही माजी अधिकाऱ्यांच्या आणि रक्षकही माजी जवान. ज्यांना गणवेशच हवा असतो ते डीएससीत, म्हणजे संरक्षण सुरक्षा दलात, पुन्हा भरती होतात. तिथे पुरेशी सेवा झाली तर दुसरी पेन्शनही बसते.

या कामात कमीपणा नाही. गोची वेगळी आहे. सिग्नल्समध्ये वीस वर्षे संदेशयंत्रणा सांभाळलेला, ईएमईत, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्ती दलात, रणगाड्याचे इंजिन उघडून बसवणारा, सियाचीनला जनरेटर चालू ठेवणारा, रुग्णवाहिनीत शेकडो जखमींना पट्टी बांधणारा, असे सगळे बाहेर आले की बाजार त्यांच्याकडून एकच गोष्ट मागतो : उभे राहा आणि लक्ष ठेवा. कोल्हापूर हे फाउंड्रीचे, इंजिनांचे, पंपांचे गाव. उद्यमनगरात कुशल फिटर मिळत नाही म्हणून कारखानदार कुरकुरतात, आणि चार किलोमीटरवर तोच फिटर एटीएमच्या काचेआड बसलेला असतो. दोघांची गाठ घालून देणारी पक्की सोय नाही. डिस्चार्ज बुकात त्याचा ‘ट्रेड’ लिहिलेला असतो, पण ते पुस्तक वाचायचे कसे हे कारखान्याच्या माणसाला माहीत नसते आणि आयटीआयचा दाखला याच्याकडे नसतो.

सरकारी नोकरीचे दार कागदावर रुंद आहे. राज्यात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्रात गट क मध्ये १० टक्के. वयाची अटही सैल : फौजेतली सेवा अधिक ३ वर्षे इतकी सूट मिळते. दहावी झालेल्या आणि १५ वर्षे सेवा केलेल्याला पदवीची अट असलेल्या काही जागांसाठी केंद्र पात्र धरते. तरीही प्रत्येक भरतीच्या निकालात माजी सैनिकांच्या जागा रिकाम्या दिसतात आणि नियमाप्रमाणे इतर उमेदवारांकडे जातात. कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. परीक्षा एमएस-सीआयटी, टंकलेखन, मराठी व्याकरण आणि बुद्धिमत्ता चाचणीची असते आणि स्पर्धेत असतो पुण्याच्या अभ्यासिकेत चार वर्षे काढलेला बावीस वर्षांचा मुलगा. अठरा वर्षे हिंदीत बोललेल्या माणसाला समास आणि प्रयोग पुन्हा पहिल्यापासून घोकावे लागतात. जे टिकतात ते तलाठी, वनरक्षक, पोलीस शिपाई, महसूल सहायक होतात आणि सहसा चांगले काम करतात. पंचनाम्याला ठरल्या वेळी हजर राहणारा तलाठी पाहून गाव आधी बिचकते, मग सवय होते.

गेल्या दोन दशकांत आणखी एक व्यवसाय माजी सैनिकांनी स्वतःच जन्माला घातला आहे आणि आजघडीला तोच सर्वांत जोरात आहे : भरतीपूर्व प्रशिक्षणाची अकॅडमी. गडहिंग्लज, चंदगड, भुदरगड, राधानगरी, कागल अशा पट्ट्यांत एखादे पत्र्याचे शेड, दोन बीम, वाळूचा खड्डा आणि फलकावर बंदूक रोखलेल्या जवानाचे चित्र दिसले की समजावे. पहाटे साडेचारला शिट्टी होते. पोरे दात न घासताच रांगेत. ‘साहेब’ ट्रॅकसूट घालून स्टॉपवॉच घेऊन उभे. १६०० मीटर म्हणजे चारशेच्या चार फेऱ्या. सेनाभरतीत साडेपाच मिनिटांच्या आत आले तर पूर्ण ६० गुण, पुढे उशीर होईल तसा गट घसरतो. तिसऱ्या फेरीला ज्याचा श्वास तुटतो त्याच्या बाजूने साहेब स्वतः पळू लागतात, शिव्या आणि शाबासकी एकाच दमात देत. मग बीमवर दहा पुलअप, त्यांचे ४० गुण, मग नऊ फुटांचा खड्डा. पोलीसभरतीवाल्यांची रांग वेगळी, त्यांना गोळाफेक आणि शंभर मीटर. नाश्त्याला उकडलेले चणे आणि केळे, दहानंतर फळ्यावर अंकगणित.

ही अकॅडमी म्हणजे माजी सैनिकाच्या हाती असलेल्या भांडवलाचा अचूक उपयोग आहे. पहाटे उठणे, दहा जणांना एका ओळीत आणणे, खाड्याची नोंद ठेवणे हे त्याला येते आणि गावाला ते विकत हवे असते. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचेही साताऱ्यात भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे, पण मागणी इतकी की खासगी अकॅडम्यांना मुले कमी पडत नाहीत. खटकणारी गोष्ट एवढीच की फौजेतून बाहेर पडलेल्याचा यशस्वी धंदा इतरांना फौजेत पाठवण्याचा असावा. या शेडमधल्या शंभरातून भरती होणारे थोडे. बाकीचे पंचविशी ओलांडून रिकाम्या हाताने घरी जातात आणि त्यांचा फोटो फलकावर नसतो.

शेती ही तिसरी वाट, आणि तिच्याबद्दल भोळेपणा बाळगू नये. कोल्हापुरात वाटण्या होऊन वाट्याला येते ती वीस-तीस गुंठे. पेन्शनचे काम ती जमीन पिकवण्याचे कमी आणि तिच्यावरचे कर्ज आवरण्याचे जास्त. ऊस लावला तर बिल दीड वर्षाने, पण पेन्शन दरमहा येते. म्हणून सेवा सोसायटीत, पाणीपुरवठा संस्थेत, गोकुळच्या दूध संस्थेत माजी सैनिकाच्या घराला पत असते. जामीनदार म्हणून त्याची सही सगळ्यांना हवी. महिन्याच्या सुरुवातीला कँटीनचा कोटा निघाला की त्याच्या मित्रांची संख्याही वाढते, हा या प्रतिष्ठेचा दुसरा भाग. बचतीचे पैसे एकत्र करून पतसंस्था काढण्याचे प्रयोगही झाले. पारनेरची सैनिक सहकारी बँक हे त्यातले ठळक नाव.

पारनेर म्हटले की राळेगणसिद्धी येतेच. किसन बाबूराव हजारे फौजेत ट्रकचालक होते. १९६५च्या युद्धात खेमकरण भागात त्यांच्या गाडीवर हल्ला झाला, सोबतचे गेले, ते वाचले. १९७५मध्ये परत आले आणि साठवलेल्या पैशातून यादवबाबांच्या मंदिराची दुरुस्ती केली. तिथून पाणलोट, श्रमदान, चराईबंदी आणि दारूबंदी. १९९०मध्ये पद्मश्री, १९९२मध्ये पद्मभूषण. माजी सैनिकाने गाव बदलल्याचे याहून प्रसिद्ध उदाहरण देशात नसेल. त्याची दुसरी बाजूही त्यांनी लपवली नाही : सांगूनही दारू न सोडणाऱ्यांना खांबाला बांधून फौजी पट्ट्याने मारल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पलटणीत हुकूम सुटला की काम होते. गावात ग्रामसभा असते, ठराव असतो, विरोधी गट असतो, आणि मारण्याचा अधिकार कोणालाच नसतो. सरपंच झालेल्या किंवा २००७च्या तंटामुक्ती मोहिमेत समितीचा अध्यक्ष झालेल्या अनेक माजी सैनिकांना पहिल्या वर्षी हीच गोष्ट शिकायला लागली. जे शिकले त्यांना गावाने पुन्हा निवडून दिले. बाकीचे ‘या लोकांना शिस्तच नाही’ म्हणत पारावर बसले.

घरातले परतणे याहून नाजूक. सतरा वर्षे वर्षाकाठी दोन-तीन महिन्यांच्या सुट्टीवर येणारा नवरा आता कायमचा घरी. तो नसताना बँक, शाळा, मोटारीची पाळी, भाऊबंदकी, सासूचे दवाखाने हे सगळे बायकोने एकटीने निभावलेले असते. तिने घर आपल्या रीतीने लावलेले असते आणि हा येऊन सकाळी सहाला अंथरुणाच्या घड्या तपासू लागतो. मुलांना बाप पाहुण्यासारखा प्रिय होता, आता तो रोजचा झाला. फौजींच्या पुनर्वसनावर जे थोडे लिहिले-बोलले जाते त्यात या बाईचे नाव नसते. पण पहिली दोन वर्षे ज्या घरांनी सुरळीत काढली, तिथे बहुतेक वेळा तिनेच नवऱ्याला नवीन हद्दी समजावून दिलेल्या असतात. ज्यांच्याकडे तसे झाले नाही त्यांचा वेळ गुत्त्यात जातो. २००३पासून सुरू असलेल्या ईसीएचएस आरोग्य योजनेने औषधोपचाराची चिंता बरीच कमी केली, पण मनाच्या आजाराबद्दल बोलायला लोक अजून कचरतात.

युद्धात जायबंदी झालेल्यांची व्यवस्था मात्र जुनी आणि वाखाणण्यासारखी आहे. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी संस्था १९१७मध्ये, महायुद्ध चालू असतानाच सुरू झाली. आज ती पुण्यात खडकीला आहे, आणि जवळच १९७४पासून कमरेखाली लुळ्या झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र. या प्रांताने दिलेले सर्वांत मोठे नाव शेजारच्या सांगली जिल्ह्यातले. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर ईएमईमध्ये होते आणि बॉक्सर होते. १९६५च्या युद्धात नऊ गोळ्या लागल्या, त्यातली एक पाठीच्या कण्यात राहिली. बॉक्सिंग संपले. उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण आणले. प्रवासाचा खर्च माजी कसोटीपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने उचलला होता. नंतर पेटकरांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले आणि चित्रपट यायला २०२४. मधली चार दशके ते चारचौघांसारखे एक पुणेकर होते. माजी सैनिकाचे खरे आयुष्य पदकापेक्षा त्या चार दशकांत दिसते, आणि चित्रपटाला तेवढा भाग नेमका लवकर उरकावा लागतो.

सरकारचा सगळा भर दीर्घकाळ पेन्शनवर राहिला, आणि त्यात चूक नव्हती. ‘वन रँक वन पेन्शन’साठी २०१५च्या उन्हाळ्यात जंतरमंतरवर माजी सैनिक बसले, ५ सप्टेंबरला घोषणा झाली, १ जुलै २०१४पासून लाभ मिळाला. राज्याने २०२०मध्ये माजी सैनिकांची घरपट्टी माफ केली. मात्र पेन्शनने चूल चालते, सकाळी नऊला घरातून बाहेर पडण्याचे कारण मिळत नाही. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्यांसाठी जून १९४४मध्ये, म्हणजे युद्ध संपायच्या आधी, कायदा केला आणि शिकायचा खर्च सरकारने उचलला. त्यातून सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले. आपल्याकडे सेवेच्या शेवटच्या टप्प्यात पुनर्वसनाचे छोटे अभ्यासक्रम आहेत. पण चाळिशीतल्या माणसाला दोन वर्षे पूर्णवेळ शिकवून उद्यमनगरच्या किंवा रुग्णालयाच्या कामाला तयार करण्याइतकी मोठी कल्पना त्यांत नाही. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, माजी सैनिकांची १३६ इको बटालियन २०१७मध्ये मराठवाड्यात झाडे लावण्यासाठी उभी राहिली. अशा जागा देशभरात मोजक्या आहेत.

आता प्रश्नाचे स्वरूपच बदलते आहे. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. जाहीर करताना भरतीचे वय साडेसतरा ते २१, सेवा चार वर्षे, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम. बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी आणि कौशल्याचा दाखला घेऊन घरी. पहिल्या तुकड्या २०२२च्या अखेरीस आणि २०२३च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेल्या, त्यांची चार वर्षे २०२६च्या अखेरीपासून संपू लागतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांना आरक्षण जाहीर झाले आहे. योजनेच्या मूळ अटींप्रमाणे त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, ईसीएचएस नाही, कँटीन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

एका दृष्टीने त्यांचे परतणे सोपे आहे. पंचविशीच्या आत आलेला मुलगा शिकू शकतो, लग्न व्हायचे असते, संसाराचे ओझे नसते. बावीस वर्षांच्या अभ्यासिकेतल्या मुलाशी तो बरोबरीने लढेल. पण चाळिशीतला जवान चुकतमाकत नवे काम शोधू शकायचा ते पेन्शनच्या आधारावर. वर्षभर काहीच जमले नाही तरी घर उपाशी राहत नव्हते. तो आधार आता नाही. कोल्हापूरच्या अकॅडम्यांत पळणाऱ्या मुलांना हे पक्के ठाऊक आहे, तरी ती पळतात, कारण शेताचे गुंठे वाढलेले नाहीत. लाईन बाजारच्या महासैनिक दरबार हॉलमध्ये माजी सैनिकांचे मेळावे भरतात आणि एरवी लग्ने व सरकारी बैठका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे काम माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या मुलांच्या नोंदवहीवर चालते. चार वर्षे गणवेश घालून परतलेला चोवीस वर्षांचा तरुण त्या कार्यालयात कागद घेऊन आला, तर त्याचे नाव कोणत्या वहीत लिहायचे याचा नियम आधी करावा लागेल.